मुंबईहून लंडन किती तास?

श्रोतेहो, लालबागच्या चाळीतला एखादा मुलगा शिकायला लंडनला निघतो. दिवस हिवाळ्याचे. तिकिटावर लिहिलेले असते : मुंबई दुपारी दोन, लंडन संध्याकाळी साडेसहा. आई बोटांवर मोजते, साडेचार तास. म्हणजे दिवेलागणीला पोराचा फोन यायला हवा. आठ वाजतात, दहा वाजतात, फोन नाही. त्या माउलीचा जीव टांगणीला लागतो, आणि विमान मात्र ठरल्याप्रमाणे बिनघोर चाललेले असते!

तिकिटावरची वेळ ज्या त्या गावच्या घड्याळाची असते, एवढेच तिला कोणी सांगितलेले नसते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. साडेचारांत साडेपाच मिळवा, झाले दहा तास. (उन्हाळ्यात तिकडे घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा साडेचारच मिळवायचे.) परतीला वजाबाकी करावी. लंडन सकाळी दहाला सोडले आणि मुंबईस रात्री साडेबाराला उतरले, तर दिसायला साडेचौदा, पण खरे तास नऊ. हा तासभर वाऱ्याने वाचवला. तितक्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. तो येताना पाठीशी, जाताना तोंडावर.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात हे जरूर मांडा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित अलीकडे, म्हणून मुंबईची जुनी वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९०६ च्या जानेवारीत साडेब्याऐंशी अंशांवरून भारतीय प्रमाणवेळ आली आणि घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले. भल्या पहाटे भोंग्यावर उठणाऱ्याला ती ३९ मिनिटे किती, हे गिरणगावाला विचारावे! त्याच महिन्यात इथल्या एका गिरणीत कामगारांनी नव्या वेळेने काम करण्यास नकार दिला. जुनी वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती.

आता अंतर. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. तो कॅस्पियन समुद्रावरून जातो. सपाट नकाशावर पट्टीने रेघ ओढली, तर ती इराणी आखाताच्या माथ्यावरून जाईल. दोरा खरा. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ उतारू घेऊन मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत. आज मध्ये न उतरता जाता येते. मात्र वाटेतल्या एखाद्या देशाने आकाश बंद केले की वळसा पडतो आणि तास वाढतात.

शिवाय लालबागहून दादरमार्गे सहार विमानतळ गाठायचा, तोही तीन तास आधी. दादरच्या गर्दीचा हिशेब कोणत्याही गोलावर मिळत नाही! तेव्हा त्या मुलाने निघताना आईला एवढेच सांगावे, "आई, विमान आपल्या घड्याळात रात्री बाराला उतरेल. सामान घेऊन बाहेर यायला तास जाईल. एकच्या आधी फोनची वाट पाहू नकोस, जेवून घे."