फणसोंबा : सहाणेपासून प्रयोगशाळेपर्यंत

(खांदेश्वर, नवी मुंबई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणातील जुन्या फणसाच्या खोडावर पुष्कळदा घोड्याच्या खुरासारखी, तपकिरी आणि लाकडासारखी टणक अशी एक वाढ दिसते. ही वाढ म्हणजे बुरशी. ती अळंबीच्या कुळातली असली तरी पावसाळ्याबरोबर कुजून जात नाही, वर्षानुवर्षे थरावर थर चढवीत राहते. महाराष्ट्रातील वैद्य तिला फणसोंबा म्हणतात. तान्ह्या मुलाची लाळ फार गळू लागली वा तोंड आले, की फणसोंबा सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावण्याची रीत होती.

आज खांदेश्वर म्हणजे सिडकोच्या नियोजनातून उभे राहिलेले नगर. खांदेश्वर महादेवाचे नाव त्याने राखले आहे. मात्र कोकणातून, देशावरून इथे आलेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरातून सहाण नाहीशी झाली. वस्तू गेली की तिच्याबरोबर तिचे ज्ञानही जाते. म्हणून फणसोंब्याचा विचार आजच करायला हवा.

या विषयाकडे पाहण्याची चिकित्सक दृष्टी आपल्याकडे नवी नाही. सुश्रुतसंहितेत भाताचा पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन यांवर उगवणाऱ्या छत्रवर्गीय वनस्पतींचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. बुरशी कशावर वाढते यावर तिचा गुण अवलंबून असतो, हे त्या काळी कोणीतरी बारकाईने पाहिले होते. आधुनिक संशोधकही प्रयोगशाळेत तोच प्रश्न विचारतो.

पुणे विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जे. जी. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ व २००० मध्ये लोकवैद्यकातील बुरशींविषयी संशोधनपर लेखन केले आणि फणसोंब्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. फणसोंबा हे नाव एक असले तरी त्या नावाखाली फेलिनस वर्गातील एकाहून अधिक जाती वापरल्या जातात. जातच निश्चित नसेल, तर एका घरात आलेला गुण दुसऱ्या घरात का आला नाही, याचे उत्तर कोण देणार?

म्हणून पहिली पायरी ओळखीची. या कुळातील बुरशीच्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तो काळा पडतो. एवढ्याने कूळ कळते. नेमकी जात ठरविण्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि डीएनए यांची साक्ष घ्यावी लागते. दुसरी पायरी लागवडीची. बुरशीच्या आतील भागाचा निर्जंतुक तुकडा बटाट्याचा अर्क घातलेल्या माध्यमावर वाढवतात. त्यावरून ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवर बियाणे तयार करतात. लाकडाचा भुसा आणि गव्हाचा कोंडा पिशव्यांत भरून, १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत निर्जंतुक करून त्यात हे बियाणे सोडतात. धिंगरी अळंबी काही आठवड्यांत हाती येते. फणसोंब्याच्या जातभाईंना महिनोन्महिने लागतात. कोरियात अशाच एका जातीची लागवड निर्जंतुक ओंडक्यांवर केली जाते. तेवढे धैर्य आपल्यालाही बाळगता येईल.

तिसरी पायरी आतील द्रव्यांची. उकळत्या पाण्याच्या अर्कात मद्यार्क मिसळला की बहुशर्करा साक्यासारख्या खाली बसतात. त्यांतील बीटा-ग्लुकान शरीराच्या प्रतिकारशक्तीला चालना देतात, असे प्रयोगांत दिसले आहे. या वर्गातील बुरशींना पिवळा-तपकिरी रंग देणाऱ्या द्रव्यांपैकी हिस्पिडिन हे ऑक्सिडीकरणास अटकाव करणारे आहे. १९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी फेलिनसच्या एका जातीचा अर्क उंदरांतील अर्बुदांवर वापरून उत्साहवर्धक निष्कर्ष मांडले. १९७७ मध्ये तेथे दुसऱ्या एका बुरशीतील बहुशर्करेपासून केलेले औषध कर्करोगाच्या मुख्य उपचारांना जोड म्हणून मान्य झाले.

येथेच सावध राहिले पाहिजे. उंदरावर दिसलेला परिणाम म्हणजे माणसाचे औषध नव्हे. फणसोंब्याने कर्करोग बरा होतो असे सांगून कोणी पुडी विकत असेल, तर तो रुग्णाचा अमूल्य वेळ हिरावून घेतो आणि परंपरेलाही बट्टा लावतो. झाडावरून काढलेला अनोळखी तुकडा तान्ह्या बाळाच्या तोंडात घालणे हेही तितकेच घातक. मात्रा, शुद्धता आणि सुरक्षितता सिद्ध झाल्यावाचून केलेला दावा हा आयुर्वेदाचा गौरव ठरत नाही.

हळदीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे सादर केले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. तेथे घरोघरच्या आठवणींपेक्षा कागदावरचा पुरावा कामी आला. हळदीविषयी तो विपुल होता. फणसोंब्याविषयीचे पुष्कळसे ज्ञान अजून वृद्ध वैद्यांच्या आणि आज्यांच्या तोंडीच आहे.

तेव्हा करण्याजोगी कामे अगदी साधी आहेत. घरातील ज्येष्ठांना विचारून उपयोग, प्रमाण आणि झाड यांची नोंद करावी. गावाकडचा जुना फणस केवळ सरपणासाठी तोडला जाऊ नये. आणि त्यावरील बुरशी सरसकट खरवडू नये, अभ्यासाला थोडा नमुना पुरतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. तेथे बुरशींचे जिवंत नमुने जतन केले जातात. पनवेल परिसरातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली रीतसर गोळा केलेला एखादा नमुना त्या संग्रहापर्यंत पोहोचवला, तर ती लहान गोष्ट ठरणार नाही.

पूर्वजांनी निरीक्षण करून आपला वाटा उचलला. त्याची परीक्षा घेण्याचे काम या पिढीकडे आले आहे. परीक्षेत जे टिकेल ते जगापुढे ताठ मानेने ठेवावे. जे टिकणार नाही ते प्रामाणिकपणे बाजूला सारावे. परंपरेचा खरा मान त्यातच आहे.