दातांचा हिशेब रात्रीच मिटवावा

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. विहारात शील, समाधी, प्रज्ञा यांची चर्चा व्हावी, तिथे दातांचे काय काम? परंतु बंधू-भगिनींनो, हा विषय मी बाहेरून आणलेला नाही. तो खुद्द विनयपिटकात आहे.

चुल्लवग्गात असे सांगितले आहे की, भिक्खू दातवण चावत नसत व त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. ही गोष्ट भगवंतांच्या कानी गेली. त्यांनी दातवण न चावण्याचे पाच तोटे सांगितले. डोळ्यांना ते अहितकारक असते, तोंडाला वास येतो, रुची नेणाऱ्या वाहिन्या शुद्ध होत नाहीत, पित्त व कफ अन्नावर पसरतात आणि जेवण गोड लागत नाही. दातवणाला अनुमती मिळाल्यावर काही भिक्खू लांबलचक काड्या वापरू लागले आणि त्यांनीच सामणेरांना मारू लागले. तेव्हा भगवंतांनी काडी आठ अंगुळांपेक्षा लांब नसावी असा नियम केला. पुढे एकाने फार आखूड काडी चावता चावता गिळली. मग किमान चार अंगुळे ही मर्यादा आली. अडचण दिसली की तिचे कारण पाहायचे आणि नियम दुरुस्त करायचा, ही बुद्धांची रीत या एवढ्याशा प्रसंगातही दिसते.

सातव्या शतकात चीनहून आलेला इत्सिंग हा भिक्खू नालंदेस राहिला होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात दातवणाविषयी बरेच लिहिले आहे. रोज सकाळी दात घासणे तर आहेच, पण जेवणानंतर दातांत अडकलेले अन्न काढून, चूळ भरून तोंड स्वच्छ करावे, असा विहारांतील शिरस्ता त्याने नोंदवला आहे. म्हणजे दातांवरून काडी फिरवणे वेगळे आणि दातांच्या मधली जागा साफ करणे वेगळे, हे आपल्या भिक्खुसंघाला तेव्हाच ठाऊक होते.

आता आजच्या काळाकडे येऊ. प्रत्येक दाताला पाच बाजू असतात. ब्रश त्यांपैकी बाहेरची, आतली आणि वरची अशा तीन बाजूंपर्यंत चांगला पोहोचतो. शेजारच्या दाताला चिकटलेल्या दोन बाजूंपर्यंत तो नीट जात नाही. तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. जंतू गोड व पिठूळ अन्नावर जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात किडतो आणि थराने हिरडी सुजते. ही जागा साफ करण्यासाठी फ्लॉस नावाचा दोरा मिळतो. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील लेव्ही स्पिअर पार्मली या दंतवैद्याने १८१९ च्या आपल्या पुस्तकात यासाठी मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याची शिफारस केली होती. आता तो नायलॉनसारख्या धाग्याचा असतो व औषधांच्या दुकानात मिळतो.

विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न असा की, हा दोरा सकाळी फिरवावा, जेवल्यावर फिरवावा की रात्री? कालामांना केलेल्या उपदेशाचे स्मरण ठेवून आपण याचे उत्तर तपासून घेऊ. परंपरा आहे म्हणून नको, आणि डबीवर छापले आहे म्हणूनही नको.

पहिली गोष्ट. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात स्वच्छ करणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. स्वच्छता पुन्हा सुरू करताच आठवड्याभरात सूज उतरली. पुढे १९७३ साली असे दिसून आले की, अठ्ठेचाळीस तासांतून एकदा जरी अगदी पूर्ण स्वच्छता झाली तरी हिरड्या टिकतात, मात्र त्याहून जास्त काळ गेला की सुजतात. आपल्या हातून पूर्ण स्वच्छता क्वचितच होते, म्हणून रोज एकदा हा सुरक्षित नियम. दिवसातून तीनदा दोरा ओढत बसण्याची गरज नाही. अतिरेकही नको आणि हयगयही नको.

दुसरी गोष्ट. दिवसभर आपली लाळ आम्ल धुऊन टाकते. झोपेत लाळ फार कमी होते. रात्रीचा भाताचा कण किंवा गोडाचा अंश फटीत राहिला, तर जंतूंना सहा-सात तास मोकळे रान मिळते. म्हणून शेवटचे खाणे झाल्यावर, झोपण्यापूर्वी, ही वेळ सर्वांत चांगली. त्यानंतर पाण्याशिवाय काही घेऊ नये. मी बँकेत काम करतो. आमच्याकडे दिवसाची रोकड जुळल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही. उद्या सकाळी पाहू, असे चालत नाही. दातांचेही तसेच धरावे.

तिसरी गोष्ट. आधी दोरा की आधी ब्रश? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचवीस विद्यार्थ्यांवर दोन्ही क्रम करून पाहिले. आधी दोरा व मग ब्रश केल्यावर फटींतील थर अधिक निघाला आणि पेस्टमधील फ्लोराइडही तिथे जास्त टिकले. अभ्यास लहान आहे, पण क्रम बदलायला खर्च काहीच नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, दोऱ्याच्या उपयोगाचे पुरावे कमकुवत आहेत अशी चर्चा २०१६ मध्ये अमेरिकेत बरीच गाजली. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यानेही पुराव्याला कमी खात्रीचाच म्हटले, पण ब्रशच्या जोडीला दोरा वापरल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते असा निष्कर्ष काढला. ज्यांच्या फटी मोठ्या आहेत त्यांना बारीक फटींचा ब्रश अधिक उपयोगी पडतो. आणि रात्रपाळी करणारे, अंगणवाडीत दिवसभर राबून रात्री डोळे मिटणाऱ्या आमच्या भगिनी, यांना रात्री जमत नसेल तर दुपारच्या जेवणानंतर करावे. रोज होणारी दुपार ही कधीतरी होणाऱ्या रात्रीपेक्षा चांगली.

रीत सोपी आहे. साधारण दीड फूट दोरा घ्यावा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा. फटीत हळूच सरकवावा, करकचून आपटू नये. मग एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवून वर-खाली फिरवावा, नंतर शेजारच्या दाताला. शिलाईचा दोरा, टाचणी, सेफ्टी पिन वापरू नये, त्याने हिरडी फाटते. पहिले काही दिवस थोडे रक्त येईल, घाबरून सोडू नये. आठवडा-दोन आठवड्यांत थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी तर हयगय करूच नये, कारण हिरड्यांचा रोग आणि रक्तातील साखर ही एकमेकांना बिघडवतात.

उपासिका भगिनींना एक कळकळीची विनंती. मिश्री ही दात घासण्याची वस्तू नव्हे, तो भाजलेला तंबाखू आहे. दात दुखायचा थांबला म्हणून लावलेली मिश्री व्यसन होते आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तरुणांच्या खिशात पुड्या दिसतात. पाचवे शील आपण दर रविवारी तोंडाने म्हणतो. त्याच तोंडात पुडी असू नये.

मित्रांनो, स्वच्छतेचा विषय आपल्या समाजाला टोचतो, याची मला जाणीव आहे. ज्यांना पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्यांनाच घाणेरडे म्हटले गेले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सिद्ध करण्यासाठी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी स्त्रियांना राहणी बदलण्याचा आणि मुलामुलींना शिकवण्याचा उपदेश केला. आपण दात स्वच्छ ठेवायचे ते कोणाला पटवून देण्यासाठी नव्हे. भाकरी पाण्यात कुस्करून खाणारी आपली वडीलधारी माणसे आपण पाहिली आहेत. त्यांच्या पिढीला ना डॉक्टर मिळाला, ना माहिती. कवळी आणि रूट कॅनॉलचा खर्च महिन्याचा पगार गिळतो, हे आजही खरे आहे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, तिथे कमी खर्चात तपासणी होते. त्यांचा लाभ घ्यावा.

संस्थेला माझी एक सूचना आहे. धम्मवर्गातील मुलांना वह्या वाटतो, त्यांबरोबर एक ब्रश आणि दोऱ्याची एक डबी द्यावी, आणि एखाद्या दंतवैद्याला बोलावून रीत प्रत्यक्ष दाखवावी. लहान मुलांच्या हाताला ते जमत नाही, म्हणून पालकांनाही त्याच दिवशी बोलवावे. विद्यार्थ्यांनी आज रात्रीपासून सुरुवात करावी आणि एकवीस दिवसांनी आपापल्या हिरड्या आरशात पाहून स्वतःच निर्णय घ्यावा.

 जय भीम! नमो बुद्धाय!