बगदादची निजामिया : पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा?



फौजेत एक सवय लागते. कोणतीही व्यवस्था पाहिली की आधी विचारायचं, रसद कुठून येते आणि हुकूम कोणाचा चालतो? आज हेच दोन प्रश्न अकराव्या शतकातल्या बगदादला विचारू या.

सेल्जुक राज्यात आजच्यासारखं शिक्षणखातं नव्हतं. तरी वजीर निजामुल्मुल्क यानं बगदाद, निशापूर, इस्फहान अशा शहरांत मदरसे उभे केले. बगदादचा मदरसा १०६५ मध्ये बांधायला घेतला आणि १०६७ मध्ये उघडला.

रसद यायची वक्फमधून. वजिरानं बाजार आणि मिळकती मदरशाच्या नावे कायमच्या लावून दिल्या. त्या उत्पन्नातून मुख्य अध्यापकाचा, म्हणजे मुदर्रिसचा पगार आणि विद्यार्थ्यांचा निर्वाह चाले. मुदर्रिस, प्रवचनकार आणि ग्रंथपाल शाफिई पंथाचेच असावेत, कुराण आणि व्याकरण शिकवणारे वेगळे असावेत, हेही दानपत्रातच ठरलेलं होतं.

हुकूम मात्र वजिराचा. नेमणूक आणि बडतर्फी त्यानं स्वतःच्या हाती ठेवली. १०९१ मध्ये गझालींना त्यानंच नेमलं, तेव्हा ते तिशीतले होते. कैरोच्या फातिमी खलिफांचा इस्माइली प्रचार रोखायचा होता, त्यामुळे या शाळांमागे राजकारणही होतंच.

पण एक गोष्ट वजिराच्या हातात नव्हती. विद्यार्थ्याला शिकवण्याची परवानगी, म्हणजे इजाजा, शिक्षक स्वतःच्या नावानं देई. तिथे सरकारी शिक्का लागत नसे.

शिक्षकाचं वजन केवढं होतं पाहा. उद्घाटनाच्या दिवशी लोक जमले, पण नेमलेले मुदर्रिस अबू इसहाक शिराझी आलेच नाहीत. जागा बळकावलेली आहे, असं त्यांच्या कानावर आलं होतं. तात्पुरता दुसरा अध्यापक नेमावा लागला. सुमारे वीस दिवसांनी मनधरणी झाल्यावर शिराझी रुजू झाले. तरीही नमाज ते मदरशाबाहेर पढत, असं इतिहासकार लिहितात. एवढा बलाढ्य वजीर, पण त्याला वाट पाहावी लागली.

१०९२ मध्ये वजिराचा खून झाला. पुढे सेल्जुक सत्ता मोडली, १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद लुटलं. तरी १३२७ मध्ये इब्न बतूता तिथे गेला तेव्हा निजामिया उभी होती. वजीर गेला, घराणं गेलं, पण शाळेची मिळकत शाळेच्याच नावावर होती.

याला दुसरी बाजूही आहे. ज्या दानपत्रानं शाळा टिकवली, त्यानंच इतर पंथांच्या अध्यापकांना दार बंद केलं. चारही सुन्नी पंथांना एका छताखाली आणणारी मुस्तन्सिरिया बगदादमध्ये उघडायला १२३४ साल उजाडलं.

आपल्या गावातल्या शाळेलाही हे प्रश्न विचारून पाहा. पैसा कोण देतो, नेमणूक कोण करतो, दाखला कोण देतो? तिन्हींचं उत्तर एकच येत असेल, तर त्या शाळेत शिराझींसारखा शिक्षक टिकेल का, याचा विचार करा.