तेल गळालं, रोटरी इंजिन वाचलं का?

माझदाच्या आरएक्स-८ मोटारीत पिस्टन नसतात, दोन त्रिकोणी रोटर फिरतात. तेल इथे बेअरिंगांना वंगण पुरवतं, रोटर आतून थंड ठेवतं आणि त्यातलंच थोडं मुद्दाम ज्वलनकक्षात सोडलं जातं, रोटरच्या टोकांवरच्या सीलसाठी. म्हणून ऑइल कूलरची नळी गळून तेल संपलं, तर ‘एकदा चालू करून बघू’ हा मोह कृपया टाळा.

आधी गळती दुरुस्त करा. उरलेलं तेल काढून फिल्टर कापून उघडा. त्यात धातूचे चमकते कण दिसले, तर बेअरिंग झिजल्याचा संशय पक्का होतो. मगच नवं तेल भरून कॉम्प्रेशन तपासा, तेही इंजिन गरम असताना. नेहमीचा गेज इथे फसवतो. रोटरला तीन बाजू असतात आणि हा गेज फक्त त्यांतला सर्वाधिक दाब दाखवतो. एक सील तुटलेलं असलं तरी आकडा चांगलाच दिसतो! तिन्ही दाब वेगळे दाखवणारं रोटरीचं खास उपकरणच मागा. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला प्रत्येक दाब किमान ६८० किलोपास्कल हवा. गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला कुरकुरत असेल, तर ही तपासणी लांबवू नका.