उपग्रहाचा रेकॉर्डर आणि त्याचा वेग

वेल्ह्याहून मढे घाटाची वाट धरली, कीं वाटेंत पासली हें गांव लागतें. १९७३ सालीं सिंहगडावरील मनोऱ्यावरून मुंबई केंद्राचे कार्यक्रम पुण्यास दिसूं लागले; परंतु दूरदर्शनच्या लहरी सरळ रेषेंत धांवतात, आणि तोरणा-राजगडासारखी डोंगररांग आडवी आली म्हणजे त्यांची गति खुंटते. अशा गांवांना मोकळी वाट राहते ती डोक्यावरची. सुमारें ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाला डोंगराची फारशी अडचण वाटत नाहीं.

भारतांत घरगुती डिश २००३ सालीं आली, आणि २००८ सालीं टाटा स्कायनें (आजचें टाटा प्ले) डिस्कवर कार्यक्रम साठविणारा बॉक्स बाजारांत आणला. आतां शहरांत राहणारा मुलगा गांवीं राहणाऱ्या आईवडिलांसाठीं असें यंत्र घेऊं लागला, तर दुकानदार त्याला एकच शब्द ऐकवितो : वेग. हा वेग कशाचा, हें विचारणें अगत्याचें आहे.

उपग्रहावरून येणारें चित्र आधींच अंकांत बांधलेलें असतें. रेकॉर्डर तें जसेंच्या तसें डिस्कवर उतरवितो, म्हणून जुन्या व्हीसीआरच्या फितीप्रमाणें तें फिकें पडत नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेंत टिव्हो यंत्र विक्रीस आलें, तेव्हां त्याच्या लहान नमुन्याची डिस्क १४ गिगाबाइटांची होती. २०१६ सालच्या हॉपर ३ या अमेरिकन यंत्रांत २ टेराबाइटांची डिस्क आली, आणि ट्यूनर आले १६! पूर्वीं ट्यूनर वाढविला कीं डिशपासून आणखी एक तार ओढावी लागे. आतां एकाच तारेंतून आलेला लहरींचा मोठा पट्टा एकच चिप अंकांत उतरविते, आणि त्यांतून हव्या त्या वाहिन्या निवडून घेते. खरी सुधारणा ही होय.

डिस्कच्या वेगाचा मात्र उगाच गाजावाजा होतो. एचडी वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिट धरला, तर तो एक मेगाबाइट भरतो. साधी फिरती डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटांच्या आसपास लिहूं शकते. म्हणजे वेगाला तोटा नाहीं. अडचण होते ती अनेक कार्यक्रम एकदम लिहितांना डिस्कच्या टोकाला इकडून तिकडे धांवावें लागतें म्हणून. मग सगळीकडे न फिरणारी चिपची डिस्क कां घालीत नाहींत? कारण चालू कार्यक्रम मागें नेतां यावा म्हणून रेकॉर्डर अखंड लिहीतच असतो. एका वाहिनीचें हें लिखाण दिवसाला ८६ गिगाबाइट होतें. चिप वारंवार लिहिण्यानें झिजते. फिरती डिस्क तें निमूटपणें सोसते.

वाहिनी बदलतांना होणारा खोळंबाही पुष्कळसा यंत्राच्या हातचा नाहीं. प्रवाहांत संपूर्ण चित्र मधून मधूनच येतें. मधल्या काळांत पाठविले जातात ते केवळ बदल. पुढचें संपूर्ण चित्र येईपर्यंत कितीही तल्लख प्रोसेसर असला तरी त्यास थांबणें भाग आहे. मोकळा ट्यूनर असला तर तो शेजारची वाहिनी आधींच तयार ठेवूं शकतो, एवढेंच.

प्रोसेसर आणि स्मृति यांचा उपयोग यादी झटपट उघडण्यास होतो. तो क्षुल्लक नव्हे; बटण दाबून कांहीं हललें नाहीं, कीं वृद्ध माणसें पुन्हां दाबतात आणि भलतेंच उघडतें. पण डोंगरी गांवांत त्याहून महत्त्वाचें आहे तें वीज परत आल्यावर यंत्र किती लौकर जागें होतें हें. ठरलेला कार्यक्रम सुरू झाला आणि बॉक्स अजून उठतोच आहे, तर तेवढा भाग कायमचा गेला.

आणि आषाढांत घाटमाथ्यावर जेव्हां धारा लागतात, तेव्हां सुमारें १२ गिगाहर्ट्झच्या लहरी पावसांत विरतात. डिशपर्यंत जें आलेंच नाहीं, तें सोळा ट्यूनरांनाही टिपतां येत नाहीं. तेथें थोडी मोठी, नेमकी रोंखलेली डिश अधिक कामाची. आणि त्याच कार्यक्रमाचें पुनःप्रक्षेपण पहांटे असेल, तर तेंही रेकॉर्डिंगला लावून ठेवावें. तेवढ्यापुरता दुसरा ट्यूनर मात्र अवश्य असावा.