डावी भिंत जाड का?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली म्हटल्यावर दुसरं काय देणार? पण मी तो बदलून मागितला. मला आज नववीतल्या एका आकृतीबद्दल बोलायचं आहे. ती होती मानवी हृदयाची. लाल-निळ्या पेन्सिलीने रंगवायची, डावीकडे ‘उजवी कर्णिका’ लिहायचं आणि उजवीकडे ‘डावी’. तिथेच निम्म्या वर्गाचा गोंधळ व्हायचा.

माझी आकृती सुबक यायची. तरी सहामाहीत आपल्या विज्ञानाच्या बाईंनी माझा अर्धा गुण कापला आणि समासात लिहिलं, ‘डावी भिंत जाड का?’ मी चारही कप्प्यांच्या भिंती पट्टीने मोजल्यासारख्या सारख्या काढल्या होत्या. अर्ध्या गुणासाठी मी बाईंशी वाद घातला. पुढच्या आठवड्यात बाईंनी बाजारातून बकऱ्याचं हृदय आणलं. निम्म्या मुली नाकाला रुमाल लावून खिडकीपाशी, मागच्या बाकावरची मुलं सगळ्यात पुढे! बाईंनी ते कापून टेबलावर ठेवलं आणि मला बोलावलं. “दोन्ही बाजूंच्या भिंती चिमटीत धरून बघ,” म्हणाल्या. उजवी भिंत पिशवीसारखी मऊ लागली. डावी मात्र घट्ट, जाडजूड.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. त्या अर्ध्या गुणाचं उत्तर मला तीस वर्षांनी द्यायचं आहे.

हृदय म्हणजे आपल्याच मुठीएवढा, साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅमचा स्नायू. वरच्या दोन कर्णिका रक्त गोळा करतात आणि खालच्या दोन जवनिका ते ढकलतात. काही पुस्तकांत यांनाच अलिंद आणि निलय म्हणतात. उजव्या जवनिकेला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोचवायचं असतं. तिथे पंचवीसच्या आसपास दाब पुरतो. डावीला ते मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पाठवायचं असतं. आपण बीपी मोजतो तेव्हा जो वरचा १२० चा आकडा येतो, तो दाब डाव्या जवनिकेने तयार केलेला असतो. म्हणून उजवी भिंत तीन-चार मिलिमीटर, तर डावी जवळपास एक सेंटिमीटर. काम जास्त, म्हणून भिंत जाड. बाई, आता द्या अर्धा गुण!

या भिंतीतला स्नायूही वेगळाच. आपण शिकलो होतो, हातापायांचे स्नायू ऐच्छिक आणि पट्टेदार, आतड्यांचे अनैच्छिक आणि बिनपट्ट्यांचे. हृदयाचा स्नायू पट्टेदार आहे, पण आपलं ऐकत नाही. त्याच्या पेशींना फांद्या असतात. एका पेशीची फांदी दुसरीला घट्ट चिकटलेली असते, आणि त्या सांध्यांत अतिसूक्ष्म वाटा असतात. उजव्या कर्णिकेतल्या एका छोट्या पेशीपुंजात विजेचा संदेश उठतो आणि या वाटांनी पेशीतून पेशीत पसरतो. कर्णिका आणि जवनिका यांच्या मधल्या नाक्यावर तो साधारण सेकंदाचा दहावा भाग थांबतो, म्हणजे वरचे कप्पे रिकामे होईपर्यंत खालचे थांबतात. मग दोन्ही जवनिका एकदम आकुंचन पावतात. मैदानावर पीटीच्या सरांची शिट्टी वाजली की सगळी शाळा एका तालात हात वर करायची, तसं.

या पेशी भिंतीत तिरक्या, वळसे घेत रचलेल्या असतात. त्यामुळे डावी जवनिका रक्त नुसतं दाबून काढत नाही. ती थोडी पिळली जाते, आपण धुतलेला पंचा पिळतो तशी. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला पाच लिटर, दिवसाला सात हजार लिटरच्या वर. ठोके दिवसाला एक लाख. आपण शाळा सोडल्यापासून प्रत्येकाच्या हृदयाने शंभर कोटींच्या वर ठोके दिले आहेत.

एवढं काम करून हा स्नायू दमत कसा नाही? एक तर त्याच्या पेशींचा जवळजवळ तिसरा हिस्सा ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांनीच भरलेला असतो. दुसरं, एकदा आकुंचन पावला की सैल पडेपर्यंत तो नवा संदेश घेत नाही. त्यामुळे पोटरीत येतो तसा गोळा त्याला येत नाही. आणि तिसरं मला सगळ्यात आवडतं. दर ०.८ सेकंदाच्या ठोक्यात तो ०.३ सेकंद काम करतो आणि ०.५ सेकंद सैल असतो. म्हणजे कामापेक्षा विश्रांती जास्त! शिवाय डाव्या भिंतीला स्वतःचं रक्त बहुतेक या विश्रांतीतच मिळतं. आकुंचनाच्या वेळी तिच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या गेलेल्या असतात.

इथे एक गंमत आहे. गंमत कसली, खरा घोर इथेच आहे. हृदयाच्या कप्प्यांतून दिवसाला सात हजार लिटर रक्त जातं, पण त्यातून भिंतीचं पोट भरत नाही. सगळ्यात आतला पातळ थर सोडला, तर बाकी स्नायूला रक्त मिळतं ते महारोहिणीच्या सुरुवातीला फुटणाऱ्या दोन रोहिण्यांतून. उजवी एक, डावी एक. डावीचे लगेच दोन फाटे होतात. त्यातला पुढून खाली उतरणारा फाटा डाव्या जवनिकेच्या पुढच्या भिंतीला पोसतो. शरीरातले बाकीचे अवयव आरामात असताना रक्तातला पाव हिस्सा प्राणवायू घेतात. हृदय निवांत असतानाही सत्तर टक्के काढून घेतं. शिल्लक फारशी नाहीच. त्यामुळे पुरवठा थांबला तर त्याला मागे टाकलेल्या शिधेवर दिवस काढता येत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी माझा तोच फाटा बंद पडला. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

पुण्याला घरूनच काम चाललं होतं. रात्री अकराच्या सुमारास पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये दुखायला लागलं. छातीत कळ वगैरे काही नाही, नुसतं जड वाटत होतं. जबडा आखडल्यासारखा झाला. मळमळत होतं. मी ठरवलं, पित्त आहे. थंड दूध प्यायले, ओवा चावला, पाठीला बाम लावला. सकाळी नवीन आवृत्ती ग्राहकाकडे जायची होती, म्हणून पुन्हा लॅपटॉप उघडला. दोन वाजता घाम फुटला, तर पंखा वाढवला. नवरा म्हणाला, दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, अपरात्री कशाला, सकाळी बघू. माझे वडील चोपन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. बीपीची गोळी मला सुरू होती आणि ती मी आठवण झाली तर घेत होते. हे सगळं मला माहीत होतं. तरी ‘बाईमाणसाला या वयात कुठला अटॅक’ हेच डोक्यात. शेवटी पाच वाजता सासूबाई उठल्या, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, “चप्पल घाल.” बस, एवढंच.

साडेपाचला ईसीजी झाला. लगेच अँजिओप्लास्टी करून स्टेंट घातला. डॉक्टरांनी, नर्सेसनी काही कमी केलं नाही. कमी केलं ते मी. साडेसहा तास घालवले.

रोहिणी पूर्ण बंद झाली की वीस ते चाळीस मिनिटांत पेशी मरायला सुरुवात होते. आधी भिंतीचा आतला थर, मग हळूहळू बाहेरच्या बाजूला. सहाएक तासांत त्या भागातला बहुतेक स्नायू गेलेला असतो. तिथे पुढे व्रण तयार होतो. तो भिंतीला धरून ठेवतो, पण आकुंचन पावत नाही. माझ्या पहिल्या टू-डी एकोमध्ये डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. बाकीची भिंत आत-बाहेर हलत होती आणि पुढचा एक तुकडा नुसता उभा होता. भरलेल्या रक्तापैकी ५५ ते ७० टक्के रक्त निरोगी डावी जवनिका दर ठोक्याला बाहेर टाकते. माझा आकडा तेव्हा ३८ होता. औषधं, चालणं, वेळेवर झोप, यांनी तो आता ४५ वर आला आहे. आज सकाळी शाळेचा जिना चढताना मी मधल्या पायरीवर थांबले होते, ते भिंतीवरचे सुविचार वाचायला नव्हे.

आमच्या धंद्यात काहीही बिघडलं तरी मागची प्रत असते. सर्व्हर पडला, दुसरा उठतो. हृदयातही थोडी सोय आहे. संदेश देणारा मुख्य पुंज थांबला तर खालचा नाका कमी गतीने का होईना, ठोके देतो. पण स्नायूची मागची प्रत नाही. त्वचा नवी येते, हाड जुळतं. हृदयाच्या पेशी मात्र जवळजवळ बदलतच नाहीत. २००९ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे मोजलं. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत किती आहे, यावरून त्यांनी पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सबंध आयुष्यात निम्म्यासुद्धा बदलत नाहीत.

याचा अर्थ लक्षात घ्या. आपले केस बदलले, पोटं बदलली, काहींची आडनावं बदलली. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी याच पटांगणात ज्या पेशी धडधडत होत्या, त्यातल्या बहुतेक आजही त्याच आहेत. त्याच इथवर आल्यात आणि पुढेही त्याच लागणार आहेत. माझ्यातल्या काही मी त्या रात्री लॅपटॉपसमोर बसून घालवल्या. त्या आपल्याच वर्गातल्या होत्या, म्हणून ही कबुली तुमच्यासमोर.

सकाळी आपण उभं राहून ज्यांना श्रद्धांजली वाहिली, ती नावं वाचताना माझ्या मनात एकच आलं. पुढच्या मेळाव्याला ही यादी आपल्या हाताने वाढवायची नाही. म्हणून चार गोष्टी सांगते आणि बसते.

छातीत, पाठीत, जबड्यात, डाव्या हातात जडपणा, दम, घाम, मळमळ असं काही दहा-पंधरा मिनिटं टिकलं, तर पित्त आहे की नाही ते आपण ठरवायचं नाही, ईसीजीला ठरवू द्यायचं. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत कळ येतेच असं नाही. मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी.

स्वतः गाडी चालवत जायचं नाही. १०८ ला फोन करा किंवा शेजाऱ्याला उठवा. जे गावाकडे आहेत त्यांनी आजच विचारून ठेवा की रात्री ईसीजी कुठे निघतो आणि अँजिओप्लास्टी कुठे होते. ती सोय लांब असेल, तर जवळ गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठे मिळतं. रात्री दोन वाजता हे शोधायची वेळ नसते.

कोणी कोसळलं, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर कोणाला तरी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. आपल्या वर्गात तीन डॉक्टर आहेत. चहानंतर ते पटांगणात हे शिकवणार आहेत. फोटो नंतर काढा, आधी तिकडे या.

आणि बीपीची गोळी रोज घ्या. आठवण झाली तर नव्हे.

बाई, तुमचा प्रश्न मला उशिरा कळला. डावी भिंत जाड असते, कारण सगळ्या शरीराचा भार तिच्यावर असतो. माझी आता एका ठिकाणी पातळ झाली आहे. पण उरलेली चांगली काम करते. तिला मी आज दम लागेपर्यंत बोलायला लावलं, म्हणून आता थांबते.