सॅलची भिंत
(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पोरांनी मला विषय दिला : अमेरिकेतले सर्वश्रेष्ठ सिनेमे, क्रमवारीसह. मी म्हटलं, च्यायला, क्रमवारी? ज्यांना उतरंडीच्या तळाशी गाडलं त्यांनीच आता उतरंड रचायची? पोरं म्हणाली, 'भाऊ, टाळू नका.' बरं, नाही टाळत. पण आधी त्यांची यादी बघू, मग माझी.

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून एक संस्था आहे. तिनं १९९८ साली शंभर थोर अमेरिकन सिनेमांची यादी काढली. चारशे सिनेमांची मतपत्रिका, पंधराशेच्या वर मतदार, सगळे त्या क्षेत्रातले जाणते. पहिला 'सिटिझन केन'. माझं त्याच्याशी भांडण नाही. पंचविशीतल्या पोरानं असा सिनेमा काढावा म्हणजे कमालच. चौथा 'गॉन विथ द विंड'. चव्वेचाळिसावा 'द बर्थ ऑफ अ नेशन'. आणि शंभरांत काळ्या दिग्दर्शकाचे सिनेमे किती? एकही नाही. शंभर पानं वाढली आणि ज्यांनी त्या देशाचा कापूस वेचला त्यांचं पान नाही.

'गॉन विथ द विंड'मध्ये गुलाम मॅमीचं काम करणारी हॅटी मॅकडॅनियल तुम्हाला माहीत असेल. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ थाटात झाला. कायद्यानं तिथली थिएटरं गोऱ्या-काळ्यांची वेगळी, म्हणून ती त्या खेळाला नव्हती. पुढच्याच फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळालं. काळ्या माणसाला मिळालेलं ते पहिलं. पण त्या रात्री लॉस एंजेलिसच्या हॉटेलात तिला बसवलं कुठं? बाकीच्या नटनट्यांपासून लांब, भिंतीकडेच्या लहान टेबलावर. बक्षीस दिलं, पंगतीत घेतलं नाही. हे आपल्याला समजावून सांगायला लागत नाही.

आता 'बर्थ ऑफ अ नेशन'. याच्यावर जरा थांबतो.

१९१५ सालचा सिनेमा, दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ. गोष्ट काय? गुलामगिरी संपली, काळे मोकाट सुटले, गोऱ्या बायका धोक्यात आल्या, मग पांढरे बुरखे घातलेले कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार आले आणि त्यांनी देश वाचवला. मुख्य काळी पात्रं गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून केलेली. व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सनसमोर त्याचा खेळ झाला. त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर मोडीत निघालेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. काळ्यांच्या एनएएसीपी या संघटनेनं गावोगाव निदर्शनं केली. मार्चमध्ये हा सिनेमा न्यूयॉर्कला लागला तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात होते, कोलंबियात एम.ए.चा अभ्यास करत. त्यांनी तो पाहिला की नाही यावर मी काही बोलणार नाही. नसत्या दंतकथा आपण कशाला रचायच्या? एवढंच, की त्या शहरात तो वाजत होता आणि आपला माणूस तिथं पुस्तकं वाचत बसला होता.

जाणते म्हणतात, विषय वाईट, पण तंत्र थोर. इकडे कोंडलेली माणसं, तिकडे दौडणारे घोडे, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. मी ऐकलं आणि सिनेमा पाहायला बसलो, मनात शिव्या घेऊन. तुम्हाला खरं सांगतो, लाज वाटते सांगायला. शेवटची दौड सुरू झाली आणि माझा श्वास अडकला. पाय ताठ झाले. पोहोचा रे लवकर, असं आतून वाटलं. कोणासाठी? खाटकांसाठी! मी, या वस्तीतला पोरगा, अर्धा मिनिट क्लॅनच्या घोड्यावर बसलो होतो.

तेव्हा कळलं की तंत्र आणि विषय असे दोन डबे नसतातच. त्या कापाकापीचं कामच ते आहे, तुमचं काळीज काढून मारेकऱ्याच्या छातीत बसवायचं. ज्याला हे थोर वाटतं त्यानं त्याची थोरवी याच कामात मोजावी.

याला उत्तर एका काळ्या माणसानंच दिलं. ऑस्कर मिशो, १९२०, 'विदिन अवर गेट्स'. तोही तसंच इकडचं तिकडचं कापतो. पण इकडे गोरा जमाव एका काळ्या कुटुंबाला फासावर चढवतोय आणि तिकडे एक गोरा काळ्या पोरीवर झडप घालतोय. तिच्या छातीवरचा व्रण त्याला दिसतो आणि कळतं की ही आपलीच पोर. ग्रिफिथचंच हत्यार, पण आता खरा गुन्हेगार पडद्यावर. हा सिनेमा कित्येक दशकं हरवला होता. त्याची एकच प्रत सापडली, ती स्पेनमध्ये. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत हे दोन्ही सिनेमे एकाच वेळी गेले. फिर्याद आणि आरोपी एका दिवशी, एका कपाटात! तिथं क्रमांक नसतात, म्हणून मला ती नोंदवही त्यातल्या त्यात बरी वाटते.

२००७ साली इन्स्टिट्यूटनं यादी पुन्हा काढली. 'बर्थ ऑफ अ नेशन' उडाला, पण ग्रिफिथ कायम, त्याचाच 'इनटॉलरन्स' एकोणपन्नासावा. आणि स्पाइक लीचा १९८९ चा 'डू द राइट थिंग' आला. कितवा? शहाण्णवावा.

गंमत बघा. हा सिनेमाच मुळात एका यादीवरून पेटतो. ब्रुकलिनमधल्या काळ्या वस्तीत सॅल या इटालियन माणसाचं पिझ्झाचं दुकान. भिंतीवर फोटो, सगळे इटालियन-अमेरिकन नामवंत. एक काळा पोरगा विचारतो, गिऱ्हाईक आम्ही, मग भिंतीवर आमचा माणूस का नाही? सॅल म्हणतो, तुझं दुकान काढ आणि लाव. त्यावरून बाचाबाची, मारामारी. पोलीस येतात आणि रेडिओ रहीमला गळा दाबून मारतात. मग दुकान जळतं. तेव्हा काही गोऱ्या समीक्षकांनी लिहिलं की हा पाहून काळे दंगल करतील. दंगल काही झाली नाही. पण २०१४ साली त्याच न्यूयॉर्कमध्ये पोलिसानं एरिक गार्नरचा गळा तसाच दाबला, तो मेला. त्या वर्षाचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कुणाला? म्हातारी गोरी मालकीण आणि तिचा प्रेमळ काळा ड्रायव्हर, 'ड्रायव्हिंग मिस डेझी'. स्पाइक लीला त्या शर्यतीत नामांकनसुद्धा नव्हतं.

आणि २०२२ साली इंग्लंडच्या 'साइट अँड साउंड' मासिकानं जगातल्या सिनेमांची यादी केली. या वेळी मतदार आधीच्या जवळपास दुप्पट घेतले. 'डू द राइट थिंग' जगात चोविसावा! सिनेमातला एक शॉट बदलला होता का? मत देणारे हात बदलले, बस्स.

आता माझी क्रमवारी. बोंबलू नका.

तिसरा, 'सॉल्ट ऑफ द अर्थ', १९५४. न्यू मेक्सिकोत जस्ताच्या खाणीतल्या मेक्सिकन कामगारांचा संप. कोर्ट पुरुषांना पहारा बंद करायला लावतं, तेव्हा बायका उभ्या राहतात आणि पुरुष घरी धुणी धुतात. ती धुणी आपल्या पुढाऱ्यांनी अवश्य पाहावीत. काढणारे हॉलिवूडनं काळ्या यादीत टाकलेले. दुसरा, 'डू द राइट थिंग'.

पहिला, 'किलर ऑफ शीप'. चार्ल्स बर्नेट नावाच्या विद्यार्थ्यानं दहा हजार डॉलरच्या आत, सुट्टीच्या दिवशी, लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, आसपासची माणसं घेऊन काढला. १९७७ ला पुरा झाला, पण गाण्यांच्या हक्कांचे पैसे नव्हते, म्हणून थिएटरात लागला २००७ साली. तीस वर्षं! नायक स्टॅन मेंढ्यांच्या कत्तलखान्यात कामाला. झोप येत नाही. भाषण नाही, घोषणा नाही. तो आणि त्याचा दोस्त गाडीसाठी एक जुनं इंजिन विकत घेतात. घामाघूम होऊन जिन्यावरून उतरवतात, टेम्पोच्या अगदी कडेला ठेवतात. दोस्त म्हणतो, राहील. गाडी सुटते आणि इंजिन खाली. दोघं नुसते बघतात. मी हसलो आणि मग बापाची आठवण आली. पगाराच्या पैशातून त्यानं एक जुनी शिलाई मशीन आणली होती. जाऊ द्या.

पोरांनी पडदा बांधलाय. ऐंशीएक मिनिटांचा आहे, इंग्रजी आहे, अडलं तिथं मी मोठ्यानं सांगेन. मागच्यांनी पुढं सरका. दिवे घालवा.